पडद्यावरचा ‘क’ कागदावर कसा पोचतो

मावशीच्या बोटांना संधिवात आहे. चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या त्या हाताला आता कीबोर्डवरची एकच कळ दाबणं जमत नाही. ‘क’ दाबायला जावं तर शेजारच्या दोन कळाही दबतात. माऊस मात्र ती तळहाताने ढकलते, त्याचं बटण अंगठ्याच्या कडेने दाबते, आणि एवढं तिला न दुखता करता येतं. तिच्या कीबोर्डवर अक्षरंही इंग्रजीच छापलेली, आपल्याकडे दुकानात सहसा मिळतात तशी. म्हणून पडद्यावर मोठ्या मराठी कळा काढून त्या माऊसने दाबता येतील असा छोटा प्रोग्राम मी तिच्यासाठी लिहायला घेतला. कळांचं चित्र एका संध्याकाळी झालं. दुसऱ्या दिवशी तिने नोटपॅड उघडलं, ‘क’वर क्लिक केलं आणि वाट पाहिली. मग म्हणाली, “अरे, क दाबला की मी. गेला कुठे?”

पडद्यावरचा कीबोर्ड बनवण्यातली जवळजवळ सगळी मेख या प्रश्नात आहे. कळा रंगवणं कोणालाही जमेल. पण दाबलेलं अक्षर दुसऱ्याच प्रोग्रामच्या हाती द्यायचं आणि त्याचं लिहिणं मधेच मोडू द्यायचं नाही, ही खरी मेहनत. विंडोजमध्ये असा एक तयार कीबोर्ड विंडोज २०००पासून आहे आणि मराठीची मांडणी बसवली तर तो मराठी अक्षरंही दाखवतो. मावशीला मात्र वर्णमालेच्या क्रमानं कळा हव्या होत्या: क ख ग घ ङ, त्याखाली च छ ज झ ञ. तो क्रम तिला झोपेतही आठवतो. त्यामुळे नवा लिहिणं आलंच.

खरी कळ दाबल्यावर काय होतं

नक्कल करायची तर अस्सल कसं चालतं ते आधी पाहायला हवं. टेबलावरच्या कीबोर्डला अक्षरं ठाऊक नसतात. तुम्ही इंग्रजी ‘के’ छापलेली कळ दाबली की विंडोजकडे एक क्रमांक येतो: ३७. म्हणजे अमुक ओळीतली अमुक जागा, एवढंच. याला स्कॅनकोड म्हणतात. घराच्या नकाशावरचा खोली क्रमांक समजा. आत कोण राहतं ते त्यावरून कळत नाही.

मग विंडोज हा क्रमांक चालू मांडणीच्या तक्त्यात बघतं आणि त्या कळेला दुसरा क्रमांक देतं: ७५. हा आभासी कळ-क्रमांक, व्हर्च्युअल कीकोड. ‘इथे के नावाची कळ दाबली गेली’ असं प्रोग्रामला सांगणारा. कंट्रोलसोबत सी दाबून मजकूर कॉपी होतो तो याच प्रकारच्या क्रमांकावरून. तिसऱ्या टप्प्यावर ती कळ अक्षर होते. इंग्रजी मांडणी चालू असेल तर लहान ‘के’, आणि मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी चालू असेल तर ‘क’, ज्याचा युनिकोडमधला (जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या यादीतला) क्रमांक २३२५.

एकाच दाबण्याची ही तीन नावं: ३७, ७५, २३२५. पडद्यावरचा कीबोर्ड लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी अर्ध्याअधिक चुका या तिघांची अदलाबदल झाल्यामुळे होतात असं माझं ठाम मत आहे. उदाहरणच घ्या. स्कॅनकोड म्हणून ३७ म्हणजे ‘के’ची जागा. पण तोच ३७ आभासी क्रमांकाच्या खणात भरला तर त्याचा अर्थ होतो डावीकडचा बाण. माझ्याकडून सुरुवातीला हेच झालं होतं. ‘क’ दाबला की अक्षर उमटण्याऐवजी कर्सर एक घर मागे सरकायचा, आणि मी दोन तास चूक भलतीकडेच शोधत बसलो.

इन्स्क्रिप्टबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरवली आणि पुढे १९९१च्या भारतीय मानकात ती आली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. ‘क’च्याच कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’. एकदा हात बसला की तीच बोटं गुजराती किंवा कन्नडही लिहू शकतात, कारण ‘क’ची जागा सगळ्या भारतीय लिप्यांमध्ये एकच ठेवली आहे. फार विचारपूर्वक केलेलं काम आहे ते. फक्त ते पाठ करावं लागतं, आणि सत्तरी ओलांडलेल्या, दुखऱ्या हाताच्या माणसाला ‘आता पाठ कर’ म्हणणं मला पटलं नाही.

क गेला कुठे

आता मावशीच्या प्रश्नाकडे. तिने नोटपॅडमध्ये कर्सर ठेवला होता. मग ती माझ्या कीबोर्डच्या खिडकीवर क्लिक करायला गेली. त्या क्षणी विंडोजने आपला नेहमीचा नियम पाळला: ज्या खिडकीवर क्लिक झालं ती पुढे आणायची आणि इथून पुढच्या सगळ्या कळा तिला द्यायच्या. यालाच फोकस म्हणतात. पंगतीत वाढपी ज्या पानासमोर उभा असतो त्याच पानात वाढतो. दुसऱ्या पानातला माणूस भुकेला असला तरी. क्लिक केल्याबरोबर वाढपी नोटपॅडच्या पानासमोरून हलला आणि कीबोर्डच्या पानाशी येऊन उभा राहिला. मग कीबोर्डने ‘क’ पाठवला, आणि तो त्याच्याच पानात पडला. तिथे मजकूर लिहायची जागाच नव्हती, म्हणून तो नाहीसा झाला.

यावर पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो, मलाही सुचला. आधी कोणती खिडकी पुढे होती ते लक्षात ठेवायचं, अक्षर पाठवण्याआधी तिला पुन्हा पुढे आणायचं, मग पाठवायचं. हा मार्ग घेऊ नका. प्रत्येक अक्षराला दोन खिडक्या पुढेमागे होताना डोळ्यांना त्रास होतो. उघडलेला मेन्यू मिटतो, काही प्रोग्राममध्ये निवडलेला मजकूर सुटतो. शिवाय एखाद्या प्रोग्रामने दुसऱ्या खिडकीला पुढे ढकलावं अशी परवानगी विंडोज दर वेळी देतही नाही.

खरा उपाय असा की कीबोर्डने फोकस घ्यायचाच नाही. विंडोजमध्ये खिडकी तयार करताना तिला काही गुण जोडता येतात. त्यातला एक आहे नो-ॲक्टिव्हेट. हा गुण असलेली खिडकी क्लिक झाली तरी पुढे येत नाही. क्लिक तिला मिळतं, फोकस होता तिथेच राहतो. त्याच्या जोडीला सर्वांत वर राहण्याचा गुण द्यायचा, नाहीतर मोठ्या केलेल्या नोटपॅडखाली कीबोर्ड झाकला जाईल. आणि माऊस दाबला जाताना विंडोज खिडकीला विचारतं, ‘तुला पुढे आणू का?’, तेव्हा ‘नको’ असं उत्तर देण्याचीही सोय आहे. मी दोन्ही करतो.

इतकं करूनही फसायला होतं ते तयार बटणांमुळे. बहुतेक प्रोग्रामिंग साधनांमध्ये खिडकीवर ठेवायची बटणं आयती मिळतात, आणि त्या बटणांना स्वतःकडे फोकस ओढून घ्यायची सवय असते. क्यूटी हे असंच एक साधन वापरत असाल तर खिडकीला ‘फोकस स्वीकारत नाही’ असा झेंडा लावता येतो आणि प्रत्येक बटणाचं फोकस धोरणही बंद करता येतं. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत खिडकीची फोकसक्षमता काढून घेता येते. मला मात्र बटणं न वापरणंच बरं वाटतं. माझ्या कीबोर्डमध्ये एकही बटण नाही. एक मोठं चित्र आहे, त्यावर चौकोन आहेत, आणि क्लिक कुठल्या चौकोनात पडलं ते हिशेब करून ठरतं. बटणच नसलं की त्याने फोकस ओढायचा प्रश्न येत नाही.

अक्षर पाठवायचं कसं

फोकस नोटपॅडकडेच राहिला. आता ‘क’ पाठवायचा. यासाठी विंडोजमध्ये सेंडइनपुट नावाचं कार्य आहे. त्याच्या हाती नोंदींची एक यादी द्यायची आणि ते त्या नोंदी अशा रीतीने आत सोडतं की समोरच्या प्रोग्रामला त्या खऱ्या कीबोर्डकडून आल्यासारख्याच वाटतात. एका कळेसाठी दोन नोंदी लागतात: कळ खाली गेली, कळ वर आली. दुसरी विसरली तर विंडोजच्या लेखी ती कळ दाबलेलीच राहते.

नोंद भरायचे दोन ढंग आहेत. पहिल्यात कळ पाठवायची: ७५ खाली, ७५ वर. मग समोर कुठली मांडणी चालू आहे त्यावर अक्षर ठरेल. नोटपॅडला इंग्रजी मांडणी लागलेली असेल तर मावशीने ‘क’ दाबून इंग्रजी ‘के’ उमटेल. दुसऱ्यात थेट अक्षर पाठवायचं: नोंदीवर युनिकोडचा झेंडा लावायचा आणि स्कॅनकोडच्या खणात २३२५ भरायचे. तेव्हा विंडोज २३१ क्रमांकाची एक आभासी कळ तयार करतं. तिला पॅकेट म्हणतात, नाव अगदी चपखल आहे: कळ रिकामी, पुडक्यात अक्षर बांधलेलं. नोटपॅडकडे गेल्यावर पुडकं सुटतं आणि ‘क’ उमटतो. मांडणी कुठलीही असो, मराठीचं पॅक संगणकावर बसवलेलं असो वा नसो.

मग सगळं युनिकोडनेच का पाठवू नये? कारण ‘कंट्रोल आणि सी’ हे अक्षर नाही, आज्ञा आहे, आणि ती ऐकणारा प्रोग्राम कळेचा क्रमांक तपासत असतो. एंटर, बॅकस्पेस, टॅब, बाण यांचंही तसंच. त्यामुळे माझा नियम साधा आहे. लिपीतलं जे काही आहे ते अक्षर म्हणून जातं, बाकी सगळं कळ म्हणून. स्कॅनकोडच वाचणारे खेळ आणि काही जुने प्रोग्राम पॅकेटकडे दुर्लक्ष करतात, हे मात्र खरं. मावशीला खेळ खेळायचे नव्हते, त्यामुळे मी तिकडे वळलो नाही.

यादी एकाच हाकेत द्यायची, हेही महत्त्वाचं. ‘क्ष’ ही माझ्या कीबोर्डवर एक कळ आहे, पण युनिकोडमध्ये ‘क्ष’ नावाचं एक अक्षर नाही. क, हलन्त आणि ष अशी ती तीन चिन्हं: २३२५, २३८१, २३५९. खाली-वर धरून सहा नोंदी. त्या एकत्र दिल्या तर मधे दुसरं काही घुसत नाही याची हमी सेंडइनपुट देतं. सुट्या सुट्या पाठवल्या आणि नेमकं त्याच वेळी माणसाचा हात खऱ्या कीबोर्डवर पडला, तर क आणि ष यांच्यामध्ये भलतंच काही येऊन बसू शकतं.

इथेच एक मराठी मनाला सुखावणारी गोष्ट सांगतो. नोंदीतला तो खण सोळा बिटांचा आहे, म्हणजे ६५,५३५पर्यंतचे क्रमांक त्यात मावतात. देवनागरीचा मूळ पट्टा २३०४ ते २४३१, अशा १२८ जागांचा, म्हणून आपलं काम आरामात होतं. पण मोडी लिपी युनिकोडमध्ये आली ती २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, आणि तिचा पट्टा ७१,१६८पासून सुरू होतो. ते त्या खणात मावत नाही. मोडीचं प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत फोडून, लागोपाठच्या दोन नोंदींत पाठवावं लागतं. मोडीसाठी पडद्यावरचा कीबोर्ड कुणी करणार असेल तर ही अडचण पहिल्याच दिवशी समोर येईल, आणि असा कीबोर्ड कुणीतरी करावाच. छापलेल्या मोडी कळा मिळणार कुठे? दप्तरं वाचणाऱ्यांना पडद्याचाच आधार आहे.

मराठीचं स्वतःचं काही

कळेवर काय लिहायचं हा प्रश्न इंग्रजीत पडत नाही. आपल्याकडे पडतो. सुटी वेलांटी किंवा मात्रा कळेवर काढायला गेलं की बऱ्याच फाँटमध्ये तिच्यासोबत ठिपक्यांचं वर्तुळ येतं, कारण मात्रेला टेकायला व्यंजन हवं असतं. मला ते वर्तुळ आवडतं. व्यंजन कुठे बसेल ते त्याने कळतं, म्हणून मी ते मुद्दाम ठेवलं आणि फिकं रंगवलं. ल आणि श यांचं मराठी वळण दाखवणारा फाँट निवडा. क्रमांक तेच असले तरी काही फाँट हिंदी वळण काढतात, आणि मावशीसारख्या शिक्षिकेच्या डोळ्यांना ते लगेच खटकतं.

मग ‘ऱ’. हे अक्षर सुटं वापरात नाही, म्हणून कीबोर्ड करणारे ते गाळतात. पण आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे दोन शब्द घ्या. पहिल्यात मान गुरूंना, दुसऱ्यात निरोप स्वयंपाक्यांना. दोन्ही शब्दांत दहा-दहा चिन्हं आहेत, आणि फरक फक्त चौथ्या चिन्हात: पहिल्यात २३५२, दुसऱ्यात २३५३. एका आकड्याच्या फरकावर सगळा अर्थ उभा आहे. दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर, हे सगळे शब्द या एका कळेवाचून लिहिता येत नाहीत. इन्स्क्रिप्टमध्ये ती ‘र’च्या कळेवर शिफ्टसोबत आहे. मी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ अशा दोन थेट कळा दिल्या.

‘ॲ’चंही सांगायला हवं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, क्रमांक २४१८. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तेव्हा नवा कीबोर्ड करताना २४१८च पाठवा.

माझा सगळ्यात जास्त वेळ मात्र वेगळ्याच ठिकाणी गेला. वर्णमालेत अ आ इ ई एका ओळीत असतात. मला वाटलं, स्वर आणि मात्रा यांना वेगळ्या कळा कशाला? आधीचं अक्षर व्यंजन असेल तर ‘इ’च्या कळेने वेलांटी द्यावी, नसेल तर ‘इ’ द्यावा. कळा निम्म्या होतील आणि प्रत्येक कळ मोठी करता येईल. करून पाहिलं, झकास चाललं. मग मावशीने एक ओळ लिहिली, माऊसने मागच्या शब्दावर क्लिक केलं आणि ‘इ’ दाबला. आली वेलांटी, नको तिथे.

कारण असं की पडद्यावरचा कीबोर्ड लिहू शकतो, पण वाचू शकत नाही. त्याने काय पाठवलं ते त्याला ठाऊक असतं. कर्सर आता कुठे आहे, त्याच्या मागे कोणतं अक्षर आहे, हे ठाऊक नसतं. विंडोजमध्ये मजकूर सेवांची एक चौकट आहे, तिच्यातून शेजारचं अक्षर विचारता येतं, पण समोरच्या प्रोग्रामने तिला नीट साथ दिली तरच, आणि सगळे देत नाहीत. दहांपैकी आठ वेळा बरोबर ओळखणारी कळ हुशार वाटते. पण उरलेल्या दोन वेळा लिहिणाऱ्याचा स्वतःवरचा विश्वास डळमळतो. मावशी म्हणाली होती, “माझंच काहीतरी चुकलं असेल.” ते वाक्य ऐकलं आणि मी तो सगळा भाग काढून टाकला. आता स्वरांची ओळ वेगळी, मात्रांची वेगळी. कळा थोड्या लहान झाल्या, पण प्रत्येक कळ दर वेळी तेच करते.

बॅकस्पेसच्या बाबतीतही हाच पेच आहे. ‘क्ष’ एका कळेने आला तर तो एका बॅकस्पेसने जावा असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक ठिकाणी विंडोजवरचं बॅकस्पेस एकेक चिन्ह पुसतं: आधी ष जाईल, मग हलन्त, मग क. कीबोर्डने स्वतःच तीन बॅकस्पेस पाठवावेत का? कर्सर हलला नसेल तर ठीक. हलला असेल तर दुसऱ्याच शब्दाचे लचके तोडले जातील. मी एकच पाठवतो. हळू पुसलं गेलेलं चालतं, चुकीचं पुसलेलं नाही.

शिफ्ट, थांबा आणि वेग

खऱ्या कीबोर्डवर एक बोट शिफ्टवर ठेवून दुसऱ्याने कळ दाबता येते. माऊसच्या बाणाला एकच टोक. म्हणून शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट या कळा चिकट कराव्या लागतात: एकदा क्लिक केलं की उजळून थांबतात आणि पुढच्या कळेनंतर आपोआप सुटतात. यात एक खाच आहे. मावशीने कंट्रोलवर क्लिक करताक्षणी विंडोजला ‘कंट्रोल खाली’ कळवलं, आणि ती मग चहा करायला उठली, तर तेवढा वेळ सगळ्या संगणकाच्या लेखी कंट्रोल दाबलेलंच आहे. कुणी येऊन माऊसचं चाक फिरवलं तर अक्षरं लहानमोठी होतील. म्हणून क्लिक झाल्यावर कीबोर्डने फक्त मनात नोंद ठेवावी. पुढची कळ आली की चारही नोंदी एकदम पाठवाव्यात: कंट्रोल खाली, सी खाली, सी वर, कंट्रोल वर. मधेच प्रोग्राम बंद पडला तरी काही अडकून राहत नाही.

कळ दाबून धरली की अक्षरं धडाधड उमटत राहतात, ती सोयही आपणच करायची. सेंडइनपुटने पाठवलेली कळ आपोआप पुन्हा उमटत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये यासाठी दोन आकडे असतात: पहिल्या पुनरावृत्तीआधीचा थांबा, साधारण पाव सेकंद ते एक सेकंद, आणि नंतरचा वेग, सेकंदाला सुमारे अडीच ते तीस वेळा. ते आकडे विंडोजकडूनच मागून घ्यावेत, कारण माणसाने ते आपल्या हाताला जुळतील असे लावलेले असू शकतात. मावशीच्या अंगठ्याला बटण सोडायला वेळ लागतो, त्यामुळे तिच्यासाठी मी बॅकस्पेस आणि बाण सोडून सगळ्यांची पुनरावृत्ती बंदच केली.

कळांच्या आकाराबद्दल पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेला नियम अजून उपयोगी पडतो: लक्ष्य जितकं लहान आणि जितकं दूर, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. वर्णमालेच्या क्रमात ‘ा’ ही मात्रा आणि ‘र’ नैसर्गिकपणे कोपऱ्यात जातात, आणि मराठीत तर त्या पावलोपावली लागतात. म्हणून त्या दोन कळा मी दुप्पट रुंद केल्या. कळांमध्ये मोकळी फट ठेवू नका. दिसायला फट दिसो, पण तिथे पडलेलं क्लिक जवळच्या कळेला मिळू द्या.

ज्यांना क्लिकही करता येत नाही त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. बाण एखाद्या कळेवर ठरावीक वेळ थांबला की ती दाबली गेली असं मानणं, ही पहिली. दुसरी म्हणजे कीबोर्डने स्वतःच एकेक ओळ उजळत जायचं. हवी ती ओळ आली की माणसाने एकच खूण करायची, मग त्या ओळीतली एकेक कळ उजळत जाते आणि दुसऱ्या खुणेला ती उमटते. विंडोजच्या तयार कीबोर्डात या दोन्ही सोयी आहेत. स्टीफन हॉकिंग शेवटची अनेक वर्षं याच दुसऱ्या रीतीने लिहीत. गालाचा एक स्नायू हलला की चष्म्याला लावलेला संवेदक ते टिपायचा, तीच त्यांची कळ. त्यांच्यासाठी इंटेलने केलेला प्रोग्राम २०१५ साली सर्वांसाठी खुला झाला. पडद्यावरचा कीबोर्ड ही किरकोळ सोय आहे असं कुणाला वाटत असेल, तर एका स्नायूवर चाललेलं ते लेखन आठवावं.

कुठे चालत नाही, आणि एक गैरसमज

एखाद्या दिवशी सगळ्या प्रोग्राममध्ये व्यवस्थित चालणारा कीबोर्ड एका खिडकीत मुका होतो. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. बहुधा ती खिडकी प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेली असते. २००७मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून नियम असा की कमी अधिकाराच्या प्रोग्रामने जास्त अधिकाराच्या प्रोग्रामला कळा पाठवायच्या नाहीत. आणि पाठवल्या तर त्या गुपचूप अडवल्या जातात, सेंडइनपुटलाही खरं कारण कळवलं जात नाही. नियम योग्य आहे. नाहीतर कुठलाही घुसखोर प्रोग्राम तुमच्या वतीने ‘हो’ दाबत सुटला असता. अपंगांसाठीच्या साधनांना यातून सूट मिळते, पण प्रोग्रामवर डिजिटल स्वाक्षरी हवी आणि तो प्रोग्राम फाइल्ससारख्या संरक्षित ठिकाणी बसवलेला हवा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मात्र सेंडइनपुटने पाठवताच येत नाही.

गैरसमज हा की पडद्यावरच्या कीबोर्डने पासवर्ड लिहिला तर कळा चोरणारे प्रोग्राम तो टिपू शकत नाहीत. आपण वर पाहिलं तसा कीबोर्ड असेल तर हे खरं नाही. सेंडइनपुटने आत सोडलेल्या कळा नेहमीच्याच वाटेने जातात, आणि त्या वाटेवर टपून बसलेल्याला त्या दिसतात. उलट त्यांच्यावर ‘ही कळ बाहेरून सोडलेली आहे’ असा शिक्काही असतो. बँकांच्या पानांवर असतो तो कीबोर्ड वेगळा: तो त्याच पानाचा भाग असतो आणि अक्षर थेट त्या पानाच्या रकान्यात भरतो, कळांच्या वाटेला जातच नाही. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून घोटाळा होतो. ज्यांना सुरक्षिततेसाठी पडद्यावरचा कीबोर्ड हवा असतो त्यांना हे आधीच स्पष्ट सांगावं.

विंडोजखेरीज इतरत्र रीत बदलते. जावामध्ये रोबॉट नावाचा तयार भाग कळा पाठवतो, पण फक्त कळ-क्रमांक. ‘क’ हे अक्षर थेट पाठवायची सोय त्यात नाही, म्हणून बरेच जण मजकूर क्लिपबोर्डवर ठेवून पेस्ट करतात, आणि त्यात माणसाने आधी कॉपी केलेलं काही असेल तर ते जातं. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या जुन्या एक्स विंडो पद्धतीत खोट्या कळा पाठवणं सोपं आहे. तिच्या जागी आलेल्या नव्या वेलँड पद्धतीत ती मुभा काढून घेतली आहे आणि कीबोर्डांसाठी वेगळी अधिकृत दारं ठेवली आहेत.

टच पडदा असेल तर आणखी एक गोष्ट. बोट टेकवल्यावर हे साधं क्लिक आहे की दाबून धरलेलं उजवं क्लिक, ते ठरवायला विंडोज थोडं थांबतं. तेवढ्या वेळात कळ उजळत नाही आणि माणूस पुन्हा दाबतो. आपल्या खिडकीपुरतं ते दाबून धरणं बंद करता येतं. आधी ते करा, मग रंगसंगतीकडे बघा.

तपासणीसाठी मी शब्दांची एक ओळ ठेवली आहे, दर बदलानंतर तीच लिहून बघतो: आचाऱ्यांना, क्षत्रिय, ज्ञान, कृष्णा, ऑक्टोबर, ॲप, तऱ्हा, कळवळून. नोटपॅडमध्ये, ब्राउझरच्या शोधखणात, टपालाच्या रकान्यात. मग कंट्रोलवर क्लिक करून काहीच न दाबता दुसऱ्या खिडकीत जातो आणि माऊसचं चाक फिरवतो. अक्षरं लहानमोठी झाली नाहीत तर ठीक. परवा मावशीने त्या ओळीत स्वतःहून एक शब्द वाढवला: ‘वाङ्मय’. तो लिहिताना ङ शोधायला तिला वेळ लागला नाही. क ख ग घ, आणि त्याच ओळीत शेवटी.